पंगतीबाहेरची मुंबई

१

मुंबईच्या खाण्यापिण्याविषयी आता पुष्कळ लिहिले जाते. वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्या, दिवाळी अंक, आठवणींची पुस्तके यांत हा विषय हमखास असतो. या लेखनाचा एक साचा ठरून गेला आहे. प्रथम कोळ्यांचे बोंबील येतात. मग पोर्तुगीजांबरोबर पाव, बटाटा आणि मिरची येते. पाठोपाठ पारशी, इराणी, बोहरी, गुजराती, उडुपी असे एकेक समाज आपापली पातेली घेऊन मुंबईत उतरतात. शेवटी वडापाव येतो आणि सर्व जातिधर्मांची माणसे एका गाडीभोवती उभी राहून तो खातात. मुंबई सर्वांची आणि मुंबईची चव सर्वांच्या चवींचा मिलाफ, असे सांगून लेख संपतो.

या लेखनातली माहिती बहुतेक खरी असते. तक्रार माहितीविषयी नाही. तक्रार आहे ती न विचारलेल्या प्रश्नांविषयी. कोणता पदार्थ कोठून आला हे हा इतिहास विचारतो. तो कोणाला खाता आला, कोठे बसून खाता आला, कोणाच्या हातचा चालला आणि कोणाच्या हातचा चालला नाही, हे तो विचारत नाही. रोटीबंदी आणि बेटीबंदी ही जातिव्यवस्थेची दोन मुख्य कुलुपे आहेत. अशा समाजातल्या एका महानगराचा खाद्येतिहास जातीचा उच्चारही न करता लिहिला जातो, याचे आश्चर्य वाटले पाहिजे. ते वाटत नाही, कारण लिहिणारा पंगतीत बसलेला असतो. पंगतीत बसलेल्याला पंगत दिसत नाही. समोरचे ताट दिसते.

या लेखात दोन गोष्टी मांडायच्या आहेत. मुंबईचा खाद्येतिहास हा पदार्थांचा इतिहास नसून पंगतीचा इतिहास आहे, ही पहिली. आणि या इतिहासाची सर्वांत भरवशाची साधने दलित साहित्यात आहेत. पण मराठी समीक्षेने ती साधने म्हणून वाचली नाहीत, ही दुसरी.

२

प्रथम डब्याचे पाहू. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी मुंबईत जेवणाचे डबे पोहोचवण्याचा धंदा सुरू केला असे सांगितले जाते. मावळातल्या मराठा माणसांनी तो वाढवला. त्यांची मेहनत आणि चोख हिशेब यांचे कौतुक जगभर झाले आणि ते योग्यच आहे. परंतु हा धंदा मुंबईत का उभा राहिला, याचे उत्तर 'घरच्या जेवणाची आवड' एवढेच दिले जाते. या 'घरच्या' शब्दात 'आपल्या जातीच्या हातचे' हा अर्थ मुरलेला आहे. परक्या हातचे अन्न ज्याला बाटवते, त्या कारकुनाला कचेरीत बसून सोवळे सांभाळता यावे, अशी ही सोय होती. आगगाडीने सर्वांना एका डब्यात कोंबले; जेवणाच्या डब्याने त्यांना पुन्हा वेगळे केले.

हॉटेलांचा इतिहास याहून बोलका आहे. 'ब्राह्मणांची खाणावळ', 'हिंदू हॉटेल' अशा पाट्या एके काळी मुंबईत सर्रास दिसत. त्या पाट्या खाण्याची जात सांगत होत्या आणि त्याबरोबर आत कोणी यायचे नाही हेही सांगत होत्या. उडुपी भोजनगृहांची कीर्ती स्वस्ताई आणि स्वच्छता यांवर वाढली. माटुंग्याला १९४२ साली निघालेले रामा नायक यांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग या परंपरेतले प्रसिद्ध नाव आहे. पण उडुपी स्वयंपाकाची परंपरा मठाच्या पाकशाळेतून आलेली आहे आणि आचारी ब्राह्मण आहे ही गिऱ्हाइकाला मिळणारी एक हमीच होती, हे 'दक्षिणेची चव मुंबईत आली' या वाक्यातून कळत नाही.

इराण्याच्या हॉटेलाविषयी मराठी लेखकांनी फार हळवे होऊन लिहिले आहे. इराणी हा हिंदूंच्या जातिउतरंडीबाहेरचा माणूस. त्याने गिऱ्हाइकाची जात विचारण्यापेक्षा गिऱ्हाइकाचे पैसे मोजले, हे या शहरात लहान काम नव्हते. मात्र पैसे मोजून मिळणारी समता पैशाइतकीच टिकते. संगमरवरी टेबलावर तासन्‌तास बसून ज्यांनी कविता केल्या त्यांच्या आठवणी छापल्या गेल्या. त्या हॉटेलात कपबश्या विसळणाऱ्या पोऱ्याच्या आठवणी कोठे आहेत? नारायण सुर्वे यांनी हॉटेलातल्या पोऱ्याचे काम केले होते आणि पुढे ते कवी झाले, म्हणून त्या पोऱ्याचा आवाज निदान एकदा ऐकू आला.

सुशिक्षितांचे जगही वेगळे नव्हते. परदेशी शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१८ साली सिडनॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तेव्हा प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या भांड्यातून त्यांनी पाणी घेण्याला काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. हे खेड्यातल्या पाणवठ्यावर घडले नाही. मुंबईतल्या सरकारी महाविद्यालयात घडले. १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला आणि सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचे ठरले. ठराव मुंबईत झाला. पाणी प्यायला मात्र १९२७ साली महाडला सत्याग्रह करावा लागला. पुढे संविधानाच्या १५ व्या कलमात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांत प्रवेश नाकारता येणार नाही असे स्पष्ट लिहावे लागले आणि १९५५ साली अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा कायदा करावा लागला. देशाच्या संविधानात हॉटेलाचा उल्लेख करावा लागतो, यातच हॉटेलांचा इतिहास आला.

आता गिरणीकडे येऊ. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्याला मजुरी चांगली मिळे. त्या खात्यात अस्पृश्य कामगारांना शिरकाव नव्हता. कारण काय? कांडीवरचा धागा संपला की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. धोट्याला थुंकी लागे. महाराच्या तोंडाचा धोटा सवर्ण कामगाराला चालत नव्हता. म्हणजे उष्ट्याचा नियम ताटावरून उठून यंत्रापर्यंत गेला आणि त्याने मजुरीचा दर ठरवला. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. वर्गाची एकजूट सांगणाऱ्यांना उष्ट्याचा हा प्रश्न अडचणीचा वाटला. आजही मुंबईच्या कामगार चळवळीचा इतिहास सांगताना तो तळटीपेत जातो आणि खाद्येतिहासात तर त्याला जागाच नाही. वस्तुतः मुंबईच्या खाद्येतिहासाचे पहिले प्रकरण धोट्यापासून सुरू झाले पाहिजे.

गिरणगावातल्या खाणावळींविषयीही असेच. बायकामुले गावी ठेवून आलेले हजारो कामगार महिन्याच्या बोलीवर खाणावळीत जेवत. या खाणावळी चालवणाऱ्या बायांनी गिरणगाव पोसले. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्यांची अन्नपूर्णा महिला मंडळ ही संघटना उभी केली, त्यांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून दिले. मुंबईच्या स्त्रियांच्या इतिहासातले हे मोठे काम आहे. पण अभ्यासकाने पुढचा प्रश्न विचारला पाहिजे. खाणावळ हा धंदा हातचे अन्न चालण्यावर उभा असतो. ज्या बाईच्या हातचे पाणी चालत नाही तिला चूल हे उत्पन्नाचे साधन कसे होणार? सवर्ण विधवेला गरिबीत पोळपाट-लाटण्याचा आधार होता. महार-मांग बाईला तो नव्हता. तिला झाडू, पाटी, गोदीतले ओझे आणि रस्त्यावरच्या चिंध्या होत्या. एकच शहर, एकच गरिबी. पण एकीची गरिबी स्वयंपाकघरातून बाहेरचा रस्ता काढू शकली, दुसरीची नाही.

३

आता साहित्याकडे वळू. मराठी समीक्षेने दलित साहित्यातल्या भुकेची दखल घेतली नाही असे नाही. पण ती 'दारिद्र्याचे दाहक चित्रण', 'अनुभवाची प्रखरता' अशा शब्दांत घेतली. असे म्हटले की भूक ही एक भावना होते आणि तिच्यामागची व्यवस्था नजरेआड जाते. या समीक्षेची परिभाषाच पाहा. रस, आस्वाद, अभिरुची, रुचिपालट. हे सारे शब्द जेवणाच्या पाटावरून आले आहेत आणि तो पाट पोट भरलेल्याचा आहे. चव घेत घेत खाणाऱ्याने ही परिभाषा घडवली. ज्याला पुढचा घास मिळेल की नाही याची शाश्वती नाही, त्याचे साहित्य या परिभाषेत बसत नाही. मग ते 'कलादृष्ट्या कच्चे' ठरते. कच्चे हा शब्दही स्वयंपाकघरातलाच!

अण्णा भाऊ साठे यांची 'स्मशानातील सोनं' ही कथा घ्या. अण्णा भाऊ वाटेगावहून मुंबईला आले, गिरणीत राबले, घाटकोपरच्या चिरागनगरात राहिले. त्यांचा भीमा वारणेकाठाहून मुंबईला येतो. शहरात काम मिळत नाही म्हणून उपनगराजवळच्या खाणीत दगड फोडतो. खाण बंद पडते आणि तो स्मशानातली राख चाळून सोन्याचे कण शोधू लागतो. पुढे तो प्रेते उकरतो. एका रात्री प्रेतासाठी त्याची कोल्ह्यांशी झुंज होते आणि प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात. या कथेतला थरार सर्वांनी वाखाणला. पण सोने कोठे आहे, हे नीट पाहिले गेले नाही. सोने मेलेल्याच्या तोंडात आहे. मेलेल्याच्या तोंडात सोने ठेवण्याचा धर्म या समाजाला आहे. जित्याच्या तोंडात घास घालण्याचा नाही. भीमाची बोटे ज्या तोंडात अडकतात ते तोंड खाऊनपिऊन मेलेले आहे. मुंबईतल्या अन्नाच्या वाटपावर मराठीत याहून नेमके भाष्य क्वचितच झाले असेल.

या कथेशेजारी दया पवारांचे 'बलुतं' (१९७८) ठेवून वाचावे. 'बलुतं' हे पुस्तकाचे नावच मुळात अन्नाच्या वाट्याचे नाव आहे. गावाची घाण काढावी, सांगावे धाडावे, मेलेले ढोर ओढावे आणि त्याबदल्यात शिळे तुकडे व खळ्यावरचे मूठभर धान्य 'हक्क' म्हणून घ्यावे, अशी ती व्यवस्था. आकाशात गिधाडे घिरट्या घालू लागली की ढोर पडल्याचे महारवाड्याला कळते आणि माणसे गिधाडांच्या आधी पोहोचायला धावतात. गावात मेलेल्या जनावरासाठी गिधाडांशी स्पर्धा. अण्णा भाऊंच्या कथेत मेलेल्या माणसासाठी कोल्ह्यांशी स्पर्धा. गाव सुटले, शहर आले. स्पर्धेतला प्राणी तेवढा बदलला.

पण 'बलुतं'मध्ये याच्या उलटे जाणारेही एक सत्य आहे आणि ते सांगितले नाही तर मुंबईवर अन्याय होईल. पवारांचे बालपण नागपाड्याजवळच्या कावाखान्यात गेले. वडील सुक्या गोदीत कामाला. वस्तीतल्या बाया कागद, चिंध्या, काचा वेचीत. अंगभर घाम, दाटीवाटीची खोली, शेजारी वेश्यावस्ती. तरीही गोदीतली मजुरी हातात रोख पडे. रोख पैसा शिळा नसतो. तो ओट्याखाली उभे राहून पदर पसरून घ्यावा लागत नाही. त्या पैशाने आणलेल्या पिठाची भाकरी स्वतःच्या चुलीवर ताजी भाजता येते. गावाने दिलेला तुकडा आणि आपण कमावलेली भाकरी यांत पोटाच्या दृष्टीने फरक नसेल. माणूसपणाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. मुंबईने दलितांना काय दिले, या प्रश्नाचे उत्तर पाव नाही, केक नाही, बिर्याणी नाही. मुंबईने दिली ती स्वतःच्या पैशाची भाकरी. बाबासाहेबांनी खेड्याविषयी जो कठोर निवाडा दिला त्याचा अर्थ या भाकरीपाशी कळतो. खाद्येतिहासाच्या एकाही साच्यात ही भाकरी सापडत नाही, कारण तिची पाककृती नाही आणि तिची आठवण विकता येत नाही.

कावाखान्यातल्या बाया शहराने टाकलेले वेचीत होत्या. हे वेचणे पुढे थांबले नाही. १९२७ पासून मुंबईचा कचरा देवनारला पडत आला आणि तो निवडणाऱ्यांत दलित व मुसलमान बायाच जास्त राहिल्या. १९७१ साली शहराचा कत्तलखानाही देवनारलाच सुरू झाला. शहराचे मटण जेथून येते आणि शहराचे उष्टे जेथे जाते ती जागा एकच, आणि त्या जागेभोवती राहणारी माणसेही ठरलेली. गावकुसाबाहेर महारवाडा, तसे शहरकुसाबाहेर देवनार-गोवंडी. शहराच्या खाद्यनकाशात मात्र गोवंडी येत नाही.

नामदेव ढसाळांनी हा नकाशाच उलटा टांगला. त्यांचे बालपण गोलपिठ्याच्या परिसरात गेले; वडील खाटकाच्या दुकानात कामाला. 'गोलपिठा' (१९७२) प्रसिद्ध झाला तेव्हा त्याला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना होती आणि या जगातले शब्द पांढरपेशा वाचकाला परके आहेत याची कबुली त्या प्रस्तावनेत होती. आमच्या मते ही कबुली मोलाची आहे. ज्या शहरात आपण सारे एकाच गाडीवर वडापाव खातो असे सांगितले जाते, त्याच शहरातल्या एका मोहल्ल्याची भाषा दुसऱ्याला कळत नाही. ढसाळांची 'भूक' ही कविता भुकेचे वर्णन करीत नाही. ती भुकेलाच समोर उभे करून तिच्याशी वाद घालते, तिच्याकडून जाब मागते. दारिद्र्याचे चित्रण दया मागते. भुकेशी मांडलेला वाद दया मागत नाही. तो हिशेब मागतो. दलित साहित्य आणि दारिद्र्याविषयीचे सहानुभूतीचे साहित्य यांतला फरक याहून सोपा करून सांगता येणार नाही.

४

पंगत मोडण्याचे प्रयत्न मुंबईत झाले नाहीत असे नाही. समतानंद अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकर सत्यनारायण सुरू केले. अस्पृश्य दांपत्याला पूजेचा मान द्यायचा आणि सर्वांनी मिळून झुणका-भाकर खायची, असा तो कार्यक्रम. गद्र्यांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका नाही. त्या काळी त्याला धैर्य लागत होते. पण ज्या धर्माने पंगत तोडली त्याच धर्माच्या पूजेत ती जोडायची, ही या उपक्रमाची मर्यादा होती. बाबासाहेबांनी १९३६ सालीच 'जातिसंहारा'च्या भाषणात सहभोजनाने जात मरत नाही असे स्पष्ट बजावले होते. एकत्र जेवणाऱ्या जातीही आपली जात जपतात. जातीवर खरा घाव घालायचा तर बेटीव्यवहार खुला झाला पाहिजे. एक दिवस शेजारी बसून भाकरी खाणारा दुसऱ्या दिवशी सोयरीक जातीतच शोधतो. आजच्या 'सारे मिळून वडापाव खातो' या समाधानालाही हेच उत्तर लागू आहे.

वडापावाचेच पाहा. १९६६ साली दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांनी तो प्रथम विकला असे सांगितले जाते. बटाटा बाहेरचा, मिरची बाहेरची, पाव तर पिढ्यान्‌पिढ्या मराठी मुलखात 'बाटवणारा' मानलेला. आणि त्यातून मराठी अस्मितेचा पदार्थ तयार झाला. अस्मिता आणि शुद्धता यांचे नाते किती पोकळ असते याचे हे हातात धरता येईल असे उदाहरण आहे. वडापाव उभ्याने खातात, त्याला पंगत लागत नाही, ही त्याची चांगली बाजू. पण कामगाराचे जेवण एका हातात मावेल एवढे आकसले, ही दुसरी बाजू सांगितली जात नाही. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्यातले कितीतरी पुन्हा गिरणीत गेलेच नाहीत. त्यानंतर गिरणगावात खाद्यपदार्थांच्या गाड्या वाढल्या. गाडीच्या एका बाजूला उभा राहून खाणारा कामगार गाडीच्या दुसऱ्या बाजूला गेला. याला शहराची खाद्यसंस्कृती म्हणायचे की बेकारी, हे ठरवले पाहिजे.

भुकेचे राजकारण मुंबईने वारंवार पाहिले. १९४३ साली शहरात रेशन आले. रेशनकार्डाला पत्ता लागतो आणि फूटपाथवर राहणाऱ्याला पत्ता नसतो. म्हणजे ज्याला धान्य सर्वांत आधी हवे त्याचे नाव सर्वांत शेवटी. १९७२ च्या दुष्काळात खेडोपाड्यांतून माणसे मुंबईला लोटली, रेशनवर लाल मिलो आली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांनी महागाईविरुद्ध बायकांचे लाटणे मोर्चे काढले. मुंबईच्या स्वयंपाकघरातले हत्यार रस्त्यावर आले, ही ऐतिहासिक घटना होय. १९९५ साली सत्तेवर आलेल्या युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देण्याची योजना आणली. ती काही वर्षांत बंद पडली. २६ जानेवारी २०२० ला दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू झाली. भुकेल्याला जेवण मिळाले त्याची टिंगल करण्याचे कारण नाही. पण भाकरी मजुरीतून यावी की सरकारी कृपेतून, हा प्रश्न बलुत्याइतकाच जुना आहे.

५

येथे चळवळीतल्या कार्यकर्त्यांच्या मनात एक शंका येते आणि तिला सरळ सामोरे गेले पाहिजे. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला मृत जनावरांचे मांस सोडा, शिळे तुकडे मागू नका असे सांगितले. लोकांनी ते ऐकले. त्यासाठी गावोगाव बहिष्कार आणि मार सोसला. मग जे सोडले त्याच्या आठवणी आता कशाला उगाळायच्या? चान्या, रक्ती, वजडी यांविषयी लिहून पोरांना मान खाली घालायला लावायची काय? शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या खाद्यसंस्कृतीची नोंद केली. अशी नोंद करणे म्हणजे कलंक पुन्हा उजळणे, अशी शंका आपल्यातल्याच काहींना येते.

ही शंका समजण्यासारखी आहे. पण ती दोन वेगळ्या गोष्टी एक करते. बाबासाहेबांनी नकार दिला तो चवीला नव्हे, लादलेल्या कामाला आणि त्याच्या मोबदल्यात मिळणाऱ्या लाचारीला. मेलेले ढोर ओढणे हा जातीने लादलेला धंदा होता. त्याचे मांस ही त्या गुलामीची मजुरी होती. तिला नकार म्हणजे गुलामीला नकार. तो शाकाहाराचा स्वीकार नव्हता आणि ब्राह्मणी सोवळ्याला मान्यता तर मुळीच नव्हती. उलट १९४८ च्या 'अस्पृश्य मूळचे कोण?' या ग्रंथात बाबासाहेबांनी गोमांसभक्षण आणि अस्पृश्यतेचा उगम यांचा संबंध तपासून शुद्धाशुद्धतेचा पायाच उकरून काढला. आपण काय सोडले हे विसरलो तर ते का सोडले हेही विसरू. मग सोडणे हा विद्रोह न राहता वरच्या जातींची नक्कल होईल.

लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र' १९१० साली आले. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० साली आले आणि मराठी घराघरांत पोहोचले. ती पुस्तके आपापल्या जागी उपयोगी आहेत. त्यांत जिन्नस घरात आहेत असे धरून कृती सुरू होते. आमच्या आयांची कृती 'आज काय हाती लागले' येथून सुरू होत असे. सुकटीच्या मुठीत दहा माणसांचे कालवण करणे, पाणी वाढवून बरबाट पुरवणे, मुंडी-पाया-वजडी यांतून चव काढणे, यासाठी बुद्धी लागते. या बुद्धीची नोंद झाली पाहिजे. मात्र ती नोंद हॉटेलवाल्यांनी करावी असे नाही. 'अस्सल गावरान' म्हणून वजडी महागड्या ताटात येईल आणि ती शिजवणारी बाई बाहेरच राहील, हा धोका दिसू लागला आहे. पदार्थ पंगतीत आणि माणूस पंगतीबाहेर, असा हा नवा बलुतेदारी करार होईल.

हा प्रश्न जुना झाला असे कोणी समजू नये. २०१५ साली महाराष्ट्रात गोहत्येबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. गरिबांचे स्वस्त मांस गेले, खाटीक आणि चामड्याचे कारागीर यांचा धंदा बसला. ६ मे २०१६ ला मुंबई उच्च न्यायालयाने कत्तलबंदी कायम ठेवली. परंतु राज्याबाहेरून आणलेले असे मांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारी कलमे रद्द केली. माणसाच्या ताटात डोकावण्याचा सरकारचा अधिकार न्यायालयाला मर्यादित करावा लागला. मुंबईत मांसाहारी कुटुंबाला घर नाकारणाऱ्या सोसायट्या आहेत. तेथे 'ब्राह्मणांची खाणावळ' ही पाटी नसते, 'शुद्ध शाकाहारी' हे दोन शब्द पुरतात. २०२३ साली पवईच्या आय.आय.टी.मध्ये वसतिगृहाच्या भोजनगृहात शाकाहाऱ्यांसाठी वेगळी टेबले ठरवली गेली आणि त्याचा निषेध म्हणून तेथे बसून मांसाहार करणाऱ्या विद्यार्थ्याला दहा हजार रुपये दंड झाला. सिडनॅम कॉलेजातले पाण्याचे भांडे आणि पवईतले टेबल यांत एकशे पाच वर्षांचे अंतर आहे. भांड्याचे टेबल झाले, एवढीच प्रगती!

६

मग करायचे काय? खाद्येतिहास सवर्णांनी लिहिला म्हणून तो टाकून द्यायचा नाही. तो पुरा करायचा आहे. शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी हे काम हाती घ्यावे. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग येथल्या बी.डी.डी. चाळींचा पुनर्विकास सुरू झाला आहे. जुन्या खोल्यांबरोबर जुनी माणसे विखुरतील. ती आहेत तोवर त्यांना विचारावे. गिरणीत पाणी कोठे पीत होता? कोणत्या खाणावळीत जेवत होता? आत बसून की बाहेर? शेजारच्या खोलीतून वाटी येत होती का, आणि आपली वाटी तिकडे चालत होती का? पहिल्या पगाराचे काय आणले? १९७२ साली मिलोची भाकरी कशी थापली? संपाच्या वर्षी चूल कशावर चालली? या प्रश्नांची उत्तरे सरकारी दप्तरात मिळणार नाहीत. आयांच्या तोंडून मिळतील. कथा, कविता आणि आत्मकथने यांत मिळतील. ती साधने म्हणून वाचण्याची सवय समीक्षेने लावून घेतली पाहिजे. अण्णा भाऊ, दया पवार, ढसाळ यांना 'अनुभव' एवढेच श्रेय देऊन चालणार नाही. ते या शहराचे इतिहासकार आहेत.

आणि एका पंगतीची नोंद या इतिहासात सर्वांत आधी व्हावी. दरवर्षी ६ डिसेंबरला लाखो माणसे चैत्यभूमीला येतात. कोणी घरून भाकरी-चटणी बांधून आणतात. कामगार संघटना, मंडळे, गृहिणी शिवाजी पार्कवर आलेल्यांना जेवू घालतात. शेजारी पुस्तकांचे स्टॉल लागलेले असतात आणि जेवण झाले की माणसे पुस्तके विकत घेतात. तेथे वाढणारा जात विचारीत नाही, जेवणाराही विचारीत नाही. मुंबईतल्या या पंगतीत कोणालाही बाहेर बसवलेले नाही. मुंबईच्या खाद्येतिहासाच्या पुढच्या पुस्तकात तिच्यावर एक प्रकरण नसेल, तर ते पुस्तक मुंबईचे आहे असे आम्ही मानणार नाही.